रुमाल रिकामा येत नाही

नोकरीतल्या अनेक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण मरून रंगाच्या एका रुमालाची गाठ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. बंगळुरूच्या उत्तर भागातल्या एका ठाण्यात तेव्हा मी निरीक्षक होतो. तो रुमाल ज्यांचा, ते घराणं मानाचं होतं आणि त्यातली माणसं अजून याच शहरात आहेत. म्हणून नाव कुणाचंच देत नाही.

सुरुवात एका खबरीने झाली. यशवंतपूर स्टेशनबाहेर चहा विकणाऱ्या आमच्या माणसाने दुपारी फोन केला. बाकावर एकजण मिठाईची पुडकी घेऊन बसलाय, पण मिठाईला मिठाईचा वास नाही, एवढंच तो म्हणाला. मी हेड कॉन्स्टेबलना घेऊन गेलो. ते ठाण्यातले सगळ्यांत जुने, बागलकोटकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

बाकावरच्या माणसाच्या पिशवीत सहा पुडकी निघाली. प्रत्येक पुडकं मरून रंगाच्या सुती रुमालात बांधलेलं. रुमालाला बारीक जरीची कड आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या धाग्याने भरलेला घोड्याचा नाल. आत गांजा होता, चांगल्या प्रतीचा, उन्हात न वाळवलेला. वजन केलं, नमुने काढले, दोन पंचांसमोर लाखेचं सील लावलं आणि महजर लिहिला. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला इथे महजर म्हणतात.

"सार, गांजा वर्तमानपत्रात येतो, प्लास्टिकमध्ये येतो," अण्णा म्हणाले. "हा तर सासरी निघाल्यासारखा आलाय."

पकडलेला माणूस फक्त पोहोचवण्याचं काम करायचा. माल कुठून येतो ते त्याला ठाऊक नव्हतं. येलहंक्याच्या पुढे एका वळणावर गाडी यायची, पुडकी द्यायची आणि जायची. चौकशीत त्याने सगळं घडाघडा सांगितलं, पण त्यात उपयोगाचं एकच होतं.

"देताना दर वेळी एक गोष्ट सांगायचे, साहेब. रुमाल परत आला पाहिजे."

"कोण सांगायचं?"

"गाडीतला माणूस. म्हणायचा, वरून निरोप आहे, रुमाल परत पाठवा म्हणावं."

या एका वाक्यावर अमली पदार्थविरोधी पथकाने दोन दिवस घालवले. त्यांच्या मते हा सांकेतिक शब्द होता. एका अधिकाऱ्याच्या मते रुमाल म्हणजे हवालाची रक्कम, दुसऱ्याच्या मते रुमाल म्हणजे बंदूक. फळ्यावर बाण काढले गेले. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मला वाटत होतं की रुमाल म्हणजे रुमालच असावा. पण बैठकीत असं बोलणं बरं दिसत नाही.

मला तसं वाटण्याला कारण होतं. मी निपाणीकडचा. लहानपणी माझी आई दिवाळीत एका इनामदारांच्या घरी फराळाला मदत करायला जायची. त्या घरातून ताट बाहेर गेलं की त्यावर रुमाल, चारही टोकं मधोमध आणून दुहेरी गाठ, आणि एक टोक पानासारखं वर काढलेलं. ज्याच्या घरी ताट जाई तो रुमाल धुऊन परत करी, आणि रिकामा कधीच नाही. साखर, सुपारी, काही नसेल तर चिमूटभर तांदूळ. यशवंतपूरच्या त्या बाकावर मी जी गाठ सोडली ती हीच होती. चाळीस वर्षांत मी ती कुठे पाहिली नव्हती.

रुमालाचा फोटो घेऊन मी येलहंक्याच्या जुन्या वस्तीतल्या एका धोब्याकडे गेलो. त्याने मोबाइल हातातही घेतला नाही.

"हे अक्कासाहेबांचं. पलीकडचा काचघराचा बंगला. पूर्वी घोडे होते बघा."

"खात्री आहे?"

"खळ स्वल्प, इस्त्री उलट्या बाजूने. दुसऱ्या कुणाचं असतं एवढं लक्षण?"

बंगला मला बाहेरून माहीत होता. घराणं शिलेदारांचं, सीमाभागातल्या एका जुन्या जहागिरीचं. आजोबांच्या पिढीत ते इथे आले आणि शर्यतीचे घोडे पाळू लागले. घोडे गेले, तबेले राहिले. घरात आता दोघंच. वयाने सत्तरीपलीकडच्या, अविवाहित अक्कासाहेब आणि त्यांचा भाचा, ज्याला चाळिशीतही सगळे धाकटे सरकार म्हणत. बंगल्यामागचं ऑर्किडचं जुनं काचघर त्याने महादेवपुऱ्यातली नोकरी सोडलेल्या दोन इंजिनिअरांना भाड्याने दिलं होतं. हॉटेलांसाठी सॅलडची पानं पिकवतो, असं ते सांगत.

मी आणि अण्णा साध्या कपड्यांत गेलो. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या, समोर सिल्व्हर ओकची रांग. तेव्हा त्या भागात दुपारीही गार वारा असायचा. मी पोलीस असल्याचं आधीच सांगितलं. अक्कासाहेबांनी आधी चहा मागवला.

"आपण कुठले?"

"निपाणीकडचा."

"मग मराठीत बोला की. इथे मराठी बोलायला आता भिंतीच उरल्यात." त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "आणि तुमचे हे जमादार खुर्चीच्या टोकावर का बसलेत? त्यांना सांगा, खुर्ची चावत नाही."

मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. त्या चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या.

"सापडला तर. बाकीचे कुठायत?"

"बाकीचे म्हणजे?"

"सहा महिने झाले, एक रुमाल परत आलेला नाही. आमच्या आईंच्या हातचे नाल आहेत ते. काय माणसं म्हणायची ही? साखर नको, सुपारी नको, निदान फडकं तरी?"

अण्णांनी खोकल्यासारखं केलं. मी विचारलं, "कुणाकुणाकडे गेलेत, ते लक्षात आहे?"

"म्हणजे काय? कुणाच्या घरी जातोय ते विचारल्याशिवाय मी गाठ मारत नाही."

आणि त्यांनी सांगितलं. कुठलं हॉटेल, कुठल्या बिल्डरचा मुलगा, कुठल्या सोसायटीतलं कितव्या मजल्यावरचं घर. अकरा ठिकाणं, एकही न चुकता. फळ्यावरच्या बाणांना दोन दिवसांत जे जमलं नव्हतं ते चहाचा कप संपायच्या आत झालं. भाडेकरू काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून माल नेताना त्यांनी पाहिलं होतं आणि पहिल्याच दिवशी थांबवलं होतं. या घरातून वस्तू उघडी किंवा पिशवीतून जात नाही, हा नियम होता. भाच्याची त्यांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि त्याला नाही म्हणायची भाडेकरूंची.

"आत काय असतं, ते त्यांनी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"औषधी पाला आहे म्हणाले. झोप येते म्हणे लोकांना."

मी तसंच लिहून घेतलं. मग पुडक्यांत काय होतं ते त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून घडी केली.

"धाकट्यांचं काय होईल?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुरुंग होईल. आज स्वतः बोलले तर कोर्ट त्याचा विचार करतं. उद्या आम्ही काचघरात शिरल्यावर बोलले तर करत नाही."

या मुलाला अक्कासाहेबांनी तो चार वर्षांचा असल्यापासून वाढवलं होतं, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी आत हाक मारली. धाकटे सरकार रेशमी गाऊन घालून बाहेर आले.

"बसा," अक्कासाहेब म्हणाल्या. "हे निपाणीचे आहेत. यांना सगळं सांगा. माझ्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघून सांगा."

तो तासभर बोलला. घराचं छप्पर गळत होतं, भाडं चांगलं मिळत होतं, पुढे भाड्याऐवजी हिस्सा मिळू लागला. भाडेकरूंना बड्या घरांतली गिऱ्हाइकं त्यानेच मिळवून दिली होती. हे सांगताना तो तीनदा म्हणाला, "आत्यासाहेबांना यातलं काहीही माहीत नव्हतं." मी हा प्रश्न विचारलेला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस तीनदा देतो तेव्हा तपास अधिकाऱ्याने काय समजायचं, हे प्रशिक्षणात शिकवतात. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कपातली राहिलेली साखर ढवळत होते.

त्याच दुपारी राजपत्रित अधिकाऱ्यांसमोर काचघराची झडती झाली. निळसर दिव्यांखाली रोपांच्या ओळी, आणि दाराजवळ, कुणी विचारलं तर दाखवायला, सॅलडच्या पानांचा एक वाफा. दोन्ही इंजिनिअर तिथेच सापडले. त्यातल्या एकाने मला इंग्रजीत सांगितलं की त्यांनी सगळी काळजी घेतली होती, वेगळे फोन, वेगळी गाडी, फक्त त्या रुमालांचं काही करता आलं नाही.

धाकट्या सरकारांनी कपडे बदलायला वेळ मागितला तो दिला. जीप पाहून ते म्हणाले, "आम्ही आमच्या गाडीने मागून आलो तर चालेल? आमच्याकडे मागे बसून जायची सवय नाही."

"सरी, बरं," अण्णा शांतपणे म्हणाले, "मग पुढे बसा. मी मागे बसतो." आणि खरोखरच अण्णा मागे बसले. बाजूला एक शिपाई घेऊन धाकटे सरकार पुढे बसून ठाण्यात गेले.

व्हरांड्यातून अक्कासाहेबांनी एवढंच विचारलं, "रुमाल परत मिळतील ना?"

"मुद्देमाल आहे. कोर्ट ठरवेल."

खटला काही वर्षं चालला. भाडेकरूंना जास्त शिक्षा झाली, भाच्याला कमी. अक्कासाहेबांची साक्ष सरकार पक्षातर्फे झाली आणि त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्याच राहिल्या, खुर्ची नको म्हणाल्या. निकालानंतर रुमाल मूळ मालकाला देण्यासाठी मी अर्ज करायला लावला. कारकुनाने विचारलं, फडक्यांसाठी अर्ज? मी हो म्हटलं.

आदेश येईपर्यंत मी निवृत्त झालो होतो. तरी पोच घ्यायला नव्या निरीक्षकाबरोबर मी गेलो. वाटेत येलहंक्याला थांबून पाव किलो साखर घेतली आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यांत वरच्या रुमालात बांधली. गाठ मला येत होती.

बंगल्याचं छप्पर अजून गळत होतं. काचघर पाडलेलं होतं. धाकटे सरकार सुटून आले होते आणि आत कुठेतरी होते. बाहेर आले नाहीत. नवा निरीक्षक सही घेऊन गेला. अक्कासाहेबांनी गाठ पाहिली, सोडली, साखर जिभेवर ठेवली.

"तुम्ही त्या दिवशी सगळं विचारलंत. एक सोडून."

"कोणतं?"

"वासाचं." त्यांनी तबेल्यांकडे बोट केलं. "तिथे आमचे मोतद्दार राहायचे, घोड्यांचं सगळं तेच बघायचे. संध्याकाळी चिलीम पेटायची. मी लहानपणापासून तो वास ओळखते."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "मी आता निवृत्त झालोय, अक्कासाहेब."

"म्हणूनच सांगितलं."

लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं. एक तर हे, की माणूस गुन्हा लपवतो, पण वळण लपवत नाही; त्याच्या सवयी विचारल्या तर तो मोकळेपणी बोलतो. हे मी प्रशिक्षण केंद्रातल्या व्याख्यानांत सांगत आलो. दुसरं कधी सांगितलं नाही. तो एक प्रश्न मी विसरलो नव्हतो. तो विचारला असता तर धाकट्या सरकारांच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात त्याही उभ्या असत्या. कायद्याने मी विचारायला हवा होता. त्यांनी तो हातचा राखून ठेवलेला हिशेब माझ्यासमोर मांडला आणि माझा मात्र मी अजून मांडू शकलेलो नाही.

निघताना त्यांनी मला चकल्या दिल्या, त्याच रुमालात, त्याच गाठीत. पुढच्या वर्षी त्या गेल्याचं अण्णांनी फोनवर सांगितलं. रुमाल माझ्या कपाटात आहे, धुऊन, उलट्या बाजूने इस्त्री करून. धाकटे सरकार तिथेच राहतात, तेव्हा परत द्यायला घर आहे. पण रिकामा नेता येत नाही, आणि त्यात काय बांधावं ते मला अजून सुचलेलं नाही.