गेटवरची नोटीस
आज सकाळी बँकेचा मेसेज आला, केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं गोठवलं जाईल, आणि मला लालबागच्या आमच्या खोलीतला डांबर गोळ्यांचा वास आला. बाबा पासबुक ट्रंकेत, आईच्या साड्यांखाली ठेवायचे. काही वर्षांपूर्वी असाच मेसेज त्यांना आला होता. मला ते कळलं अकरा दिवसांनी, त्यांना अर्धांगाचा झटका आल्यावर, परळच्या हॉस्पिटलात. ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या आणि त्यांनी नवीन आणल्याच नव्हत्या. "खाता बंद झाला ना गो," ते अडखळत म्हणाले. मी त्यांच्याच फोनवर शिल्लक काढून दाखवली. "बाबा, ही नुसती सूचना आहे. महिन्याभराची मुदत दिलीय. खातं खरंच गोठवलं असतं तर पैसे निघाले नसते. तुमचे आजही निघतील." ते हसले. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. "आमच्या गिरणीच्या गेटवर नोटीस लागली, तोच शेवटचो दिवस. मगे कोण इचारता?" "मला तरी विचारायचंत." त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन उशीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी ते गेले. नंतर त्यांच्या फोनमध्ये बघितलं, तर मेसेज आला त्याच दुपारी त्यांनी मला फोन लावला होता. एकदाच. मी मीटिंगमध्ये होते. फोन कट करून मोबाईलमधला तयार मेसेज पाठवला होता, "नंतर बोलते." आणि विसरून गेले होते. बाबांनी माझा तो मेसेजही गेटवरच्या नोटिशीसारखाच वाचला असणार.