अभिमन मिस्त्री आणि शेठच्या घरातलं कपाट

देवपूरचा अभिमन मिस्त्री म्हणजे हातात कसब आणि तोंडात गुळणी. काम सांगा, माप द्या आणि बाजूला व्हा, एवढंच त्याचं म्हणणं. वीस-बावीस वर्षांत त्याने केलेलं काम कुणी परत खोलायला लावलं नव्हतं. अडुसष्ट सालच्या दिवाळीआधी तो धुळ्याच्या चार नंबर गल्लीत माणकचंद शेठच्या घरी गेला आणि आठ दिवसांत त्याचं डोकं पार भंजाळलं.

काम तसं साधं. शेठचा मुलगा सुभाषचंद, त्याच्या निजायच्या खोलीत भिंतीतलं कपाट होतं. चार फूट रुंद, मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी फळी. पाहुण्यांच्या रजया, पापडाचे डबे, आहेरातली भांडी, सगळं कोंबून कोंबून दार लागेना म्हणून सुतळीने बांधलेलं. शेठाणी भंवरीबाई म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, छतापर्यंत न्या, कप्पे वाढवा, सगळं मावलं पाहिजे." शेठ म्हणाले, "मावेल तेवढं घरात राहील, बाकीचं भंगारात. निजायची खोली आहे का धर्मशाळा?"

भंगारात काय जाणार होतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण मिस्त्रीला बिचाऱ्याला ते कुणीच सांगितलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात, येता-जाता पायाला लागेल अशी, सुनेची पत्र्याची पेटी होती. झाकणावर रंगवलेले दोन मोर. सुनेचं नाव कुसुमलता. पेटी तिच्या आईने लग्नात दिलेली. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि माहेरचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं. पेटी कपाटात बसली तर राहणार, नाहीतर हातगाडीवर चढणार.

मग सांगावं ना तिने सरळ? वा! त्या मारवाडी घरची सून सासऱ्यासमोर बोलते होय? घुंघट छातीपर्यंत आणि तोंडातून अक्षर नाही. सासूला तिने एकदा सांगून पाहिलं, तर "आधी रजया बसू देत, बींदणी," म्हणून सासू निघून गेली. नवरा कापसाच्या खरेदीला गावोगाव. आणि शेठ? ते सकाळपासून खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलेले. मिस्त्री लाकूड पळवील ही भीती! अहो, सागाची सहा फुटी फळी तो काय धोतरात खोचून नेणार होता? ते जेवायला उठले की मिस्त्रीही भाकरी सोडायला बाहेर ओट्यावर. म्हणजे सून आणि मिस्त्री समोरासमोर यायचे ते शेठच्या डोळ्यांदेखतच.

तेव्हा कुसुमलता आतल्या दाराशी उभी राहून हाताने सांगायची. पहिल्या दिवशी तिने गुडघ्याजवळ हात आडवा धरला. म्हणजे, इथपर्यंत मोकळं ठेवा. मिस्त्रीने मान डोलावली आणि गुडघ्याच्या खाली एक आडवी फळी ठोकली. घुंघट जोरात हलला, नाही नाही म्हणून. मिस्त्रीला वाटलं, अजून खाली हवी असेल. त्याने ती काढून आणखी खाली ठोकली.

तिसऱ्या दिवशी तिने हात उभा धरून वरून खाली आणला. दोनदा. ही मधली उभी फळी काढा, असं ती सांगत होती. ह्या शहाण्याने आणखी दोन उभ्या फळ्या बसवल्या. भंवरीबाई हरखल्या, "बघा, केवढे कप्पे झाले!" शेठ म्हणाले, "ठीक." घुंघटाआडून मात्र असा उसासा आला की मिस्त्रीच्या हातातला रंधा थांबला. सासू खूष, सासरा राजी, मग ही का कष्टी? त्याला काही सुधरेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या कामाची लाज वाटली, आणि चूक कुठे आहे तेही कळेना.

घरी जेवताना तो बायकोला म्हणाला, "शेवंता, माले काहीच समजस नही. ती बाई रोज हात हालावस."

"मंग तिले इचार ना!"

"कसं इचारू? सासरा दारमा बठेल शे."

"मंग बस तू बी फळ्या ठोकत," शेवंताबाई म्हणाली आणि ताटात आणखी भाकरी टाकली.

आठव्या दिवशी काम संपलं. छतापर्यंत कपाट, अकरा कप्पे, रजया बसल्या, डबे बसले, दार अलगद लागलं. शेठनी उठून स्वतः उघडझाप करून पाहिली आणि गल्लीतल्या भंगारवाल्याला हाक मारली. तो आत आला, कोपऱ्यातली पेटी त्याने दोन्ही कड्या धरून उचलली. दाराशी कुसुमलता उभी होती. मिस्त्रीने पाहिलं, तिचे हात ह्या वेळी काहीच सांगत नव्हते.

"ठेव ती खाली."

भंगारवाल्याने पेटी ठेवली.

"मिस्त्री, खालची ती आडवी फळी आणि खालच्या तिन्ही उभ्या फळ्या काढा. तिथे माझ्या आईची पेटी बसते. आठ दिवस तेच सांगतेय मी."

शेठ गर्रकन वळले. "कोण बोललं?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. भंवरीबाई तोंडाला पदर लावून उभ्या. गल्लीतली कुणी बाई आली की काय म्हणून शेठनी बाहेरही डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सुभाषची बायको?"

"हो शेठ," मिस्त्री म्हणाला.

शेठ स्टुलावर बसले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

काढा म्हणेनात, नको म्हणेनात. मिस्त्रीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी त्याने पटाशी उचलली आणि खालच्या फळ्या उचकटून काढल्या. स्वतःचंच काम स्वतःच्या हाताने मोडलं, आणि त्याला बरं वाटलं. मोरांची पेटी सरकन आत गेली, वर चार बोटं जागा राहिली. भंगारवाला रिकाम्या हाताने निघून गेला.

शेठनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीकडेच बघत मिस्त्रीला म्हणाले, "तिला विचारा, अजून काही सांगायचं आहे का."

ती चार हातांवर तर उभी होती. तरी मिस्त्री विचारायला वळला.

"आहे," कुसुमलता म्हणाली.