टेकली की उठली

खुर्चीवर ती कधी पूर्ण बसायची नाही. कडेला नुसती टेकायची. पर्स खांद्यालाच, एक पाय दाराकडे, आणि पाच मिनिटं होतात न होतात तोच म्हणायची, "निघायचं का?" लग्नात अक्षता पडायच्या आत, सिनेमात मध्यंतराला, हॉटेलात ताटं उचलायच्या आधी. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेलच. तिच्यासोबत चहा प्यायचा म्हणजे जीभ भाजून घ्यायची तयारी हवी.

पुण्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची, मी विम्याच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायचे. ती आंबेगाव तालुक्यातली, तळेघरच्याही पलीकडची, डोंगरातली. मी जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याची, कांदा-टोमॅटोवाल्यांची पोर. गावी जाताना एसटी एकच. मंचरला ती उतरायची, मी पुढे जायचे.

एकदा वैतागून मी विचारलं, "तुझ्या बुडाला काटे टोचतात का गं?"

"आमच्याकडं गाडी चुकली म्हंजी फाट्यापासनं वर चालत जायाचं, बाई. मग कोन बसतंय निवांत?"

हसतच म्हणाली. पण शाळेसाठी आणि पुढे कॉलेजसाठी ही पोरगी किती चालली असेल, ते तिच्या पोटऱ्या बघितल्या की कळायचं.

पुण्यात तिला काय आवडायचं, सांगू? मॉल नाही, लक्ष्मी रोड नाही. तिला बसस्टॉप आवडायचा. समोर आलेली बस कधीकधी ती मुद्दाम सोडायची. मी घामाघूम, हातात भाजीच्या पिशव्या, आणि ही आरामात म्हणायची, "थांब गं, मागनं दुसरी येती." आणि खरंच दुसरी आली की तिचा चेहरा असा खुलायचा की माझा राग जिरून जायचा. पगार झाला की मी कुर्ते घ्यायचे, ती बसचा पास काढायची आणि रविवारी कुठल्याही नंबरच्या गाडीत चढून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन यायची.

त्या काळात आम्हा दोघींच्याही मोबाइलमध्ये मुलं होती. माझ्याकडे दोन जातीची. घरच्यांनी पाठवलेल्या बायोडाट्यांतली आणि ॲपवरची. पहिल्यांची उंची, पगार आणि मामाचं गाव कळायचं, पण माणूस कळायचा नाही. दुसरे कुत्र्याला मिठी मारून उभे असायचे, त्यांचं तर आडनावसुद्धा कळायचं नाही. आमच्याकडे आता शेतकरी मुलाला कोणी मुलगी देत नाही. चांगली बागायत असली तरी मुलीचा बाप पहिल्यांदा विचारतो, "पुन्यात फ्लॅट हाय का?" मलाही फ्लॅटवालाच हवा होता, उगाच खोटं कशाला बोलू? पण असा कोणी समोर येऊन बसला आणि बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते सांगायला लागला, की माझा जीव घाबरा व्हायचा. खोलीवर येऊन मी गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि स्वतःलाच शिव्या घालायचे.

तिचं वेगळंच. कॉफी टेबलावर यायच्या आत ही "निघायचं का?" म्हणायची आणि समोरच्याचा पापड मोडायचा. एकानं तर तिला 'मॅनर्स नाहीत' असा लांबलचक मेसेज पाठवला होता. तो आम्ही जेवताना मोठ्यानं वाचला आणि ठसका लागेपर्यंत हसलो.

मग एक असा भेटला की हिनं "निघायचं का?" म्हटल्याबरोबर पाण्याची बाटली उचलून उभाच राहिला. "चला," म्हणाला. का, कुठे, काही नाही. पुण्यातच जन्मलेला, सिंहगड रोडचा, सॉफ्टवेअरमधला. दोघं डेक्कनपासून त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. खोलीवर येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "ह्यो जरा बरा हाय."

त्या 'जरा'चं पुढे किती झालं, ते मी जवळून पाहिलं. एकदा केस विंचरताना ती मध्येच थांबली. "त्याच्यासंगं असले ना, तर मला निघावंसंच वाटत न्हाई. भ्या वाटतं गं." मला हेवा वाटला.

दर वर्षी आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, ती सुट्टी टाकून गावी जायची. त्या वर्षी त्यालाही घेऊन गेली. एकट्या मुलाला कसं न्यायचं, म्हणून सोबत मी. घरी सांगितलं, कामावरची माणसं आहेत.

चिखलात उभं राहून रोप लावायचं आणि मागे मागे सरकायचं, एवढंच काम. आम्हा कांदावाल्यांना ते काय जमणार? माझ्या ओळी इतक्या वाकड्या गेल्या की तिची आत्या ओरडली, "ह्या पावनीला आदी बांधावर बसवा!" तो मात्र दिवसभर वाकून होता. संध्याकाळी त्याला सरळ उभं राहता येईना, तरी हसत होता. तिचे वडील लांबून बघत होते. "हात चांगला हाय पोराचा," म्हणाले. फार न बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलं नाही.

जेवणं झाल्यावर तो त्यांच्याजवळ ओट्यावर जाऊन बसला. आम्ही दोघी आत भांडी आवरत होतो.

"काका," तो म्हणाला, "मला इथं राहायला आवडेल. लग्न झालं की आम्ही दोघं इथंच येऊ. शेती करू. बाहेरून येणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधू. पुण्यात काय ठेवलंय?"

लग्नाचं तिनंही तेव्हाच ऐकलं. ती ताटली हातात धरून तशीच उभी राहिली.

तिचा भाऊ चाकणला कंपनीत, दिवाळीला तेवढा यायचा. हे घर आपल्यामागे बंद पडणार, हे वडिलांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला. "या की," म्हणाले, "घर तुमचंच हाय." मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग मी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातली ताटली काढून घेतली.

सकाळी फाट्याकडे उतरताना तो मागे फोटो काढत रेंगाळला होता. ती पुढे झपाझप चालत होती.

"मला इचारलं न्हाई त्यानं," ती म्हणाली.

"अगं, पण बाबा किती खूश झाले!"

"तेच तर. दोघांचं जमलं. आता न्हाई मीच म्हनायचं." थोडं पुढे जाऊन म्हणाली, "त्याला ही वाट लई आवडली म्हनं. त्याला कुठं पाठीवर दप्तर घिऊन चढायची व्हती?"

पुण्यात आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो वाईट नव्हता हो. लगेच म्हणाला, "बरं, पुण्यातच राहू." पण हिचा विश्वास बसेना. "आता म्हनतोय. पर खिडकीत हुबा ऱ्हाईल आन् डोंगार शोधील. मी कितींदा बगू ते?" मी तिच्याशी भांडले. असा मुलगा पुन्हा मिळायचा नाही, असं चार वेळा सुनावलं. "म्हाईतीय," एवढंच म्हणाली आणि कपडे धुवायला गेली. नळ चालू ठेवून रडली. मी दाराबाहेर उभी होते, आत जायचं धाडस झालं नाही.

पावसाळा संपायच्या आत तिनं बंगळूरला नोकरी धरली. तिच्या कॉटवर आता दुसरी मुलगी आहे. ती चहा तासभर पीत बसते आणि मला ते सहन होत नाही. मी अजून बायोडाटे बघतेच आहे.

यंदा नवीन भात निघाल्यावर तिचे वडील खोलीवर आले. खांद्यावर इंद्रायणीची गोणी. बंगळूरला ती कशी पाठवायची, त्यांना ठाऊक नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर ते खाली बघत म्हणाले, "औंदा आवणीला त्यो पोरगा आलता. आपल्या आपन आला. दोन दिस ऱ्हायला, आन् गेला. समदी खालची खाचरं त्यानंच लावली. हा त्यातलाच तांदूळ. पर तिला सांगू नगो, पोरी."

मी पाठवला. आठवड्यानं तिचा फोन आला. भात लई मऊ झाला म्हणाली, खोलीतल्या मुलींनी भांडं पुसून खाल्लं म्हणाली. मग विचारलं, "आवणीला औंदा कोन कोन व्हतं?"

"आत्या होती, तुझा दादा दोन दिवस आला होता, शेजारची माणसं."

"अजून?"

"अजून तुझे बाबा," मी घाईनं म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. फोन मात्र तिनं ठेवला नाही.