हवालदारांची फुगलेली बंदूक

लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या आमच्या ऑफिसात हरीशइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. चहात दूध आधी घालावं की नंतर, यावरसुद्धा तो कप मांडून प्रयोग करी. त्यामुळे २००६ साली त्याने रायफल क्लबात नाव घातलं, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. खरं कारण त्याने पुढे गाडीत सांगितलं.

त्याचे वडील कडूबा महार रेजिमेंटचे निवृत्त हवालदार, राहायला औरंगाबादला. पलटणीत नेमबाजीत पहिले यायचे, ते एकदा भर पावसात शेवटून दुसरे आले. हरीशच्या सांगण्याप्रमाणे, पावसात थ्री-नॉट-थ्री रायफल फुगते, असं कारण त्यांनी निवृत्तीनंतर घरी ही गोष्ट सांगताना दिलं. कॉलेजातल्या हरीशला आयतंच हत्यार मिळालं. कुणी नापास झालं, कुणाची भाकरी करपली, की तो म्हणे, "बंदूक फुगली वाटतं!" स्वतःच्या लग्नात तर त्याने हे माइकवरून सांगितलं. अख्खा मांडव हसला. कडूबा पाणी प्यायला म्हणून उठले आणि त्यानंतर पलटणीची एकही गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली नाही.

"बाबा एटीफोरचे झालेत, शशी," हरीश म्हणाला. "ते खरं बोलत असतील तर मला वेळेत कळायला हवं."

मला त्याचा रागच आला. हे कळायला वीस वर्षं लागतात?

ऑक्टोबरात क्लबाने जुन्या लष्करी रायफलींची तुलना ठेवली आणि हरीश मलाही सोबत घेऊन गेला. इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री, स्वीडनची माउझर आणि रशियाची मोसिन. अंतर शंभर यार्ड, प्रत्येकीच्या दहा गोळ्या. शनिवारी सकाळी कोरड्यात माउझरच्या गोळ्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या, थ्री-नॉट-थ्रीच्या बशीएवढ्या. मोसिनचा गोळी भरायचा बोल्ट तापल्यावर असा अडकला की तळहाताने ठोकावा लागला. थ्री-नॉट-थ्री मात्र एकदाही अडली नाही आणि वेगात तर तिने दोघींना मागे टाकलं. हरीश खूश होता, पण त्याला पाऊस हवा होता. इंग्लंडमध्ये त्याची काय कमी! दुपारी सुरू झाला तो रविवारीही थांबला नाही, आणि आम्ही भिजत गोळ्या झाडत राहिलो.

रविवारी माउझर आणि मोसिनच्या गोळ्या जागच्या फारशा हलल्या नाहीत. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळ्या मात्र वर उजवीकडे सरकत गेल्या. क्लबात बरीच वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्या केन यांनी नळीखालच्या लाकडावर बोट ठेवलं. हे ओल धरून फुगतं आणि नळीला रेटतं, म्हणून नेम हलतो, असं ते म्हणाले. त्यांना यात काहीच विशेष वाटलं नाही.

हरीशने कार पार्कमधूनच औरंगाबादला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बाबा, तुम्ही खरं बोलत होतात. पावसात बंदूक फुगते. इथं आम्ही प्रॉपर टेस्ट केली. माझं चुकलं, बाबा."



"वर उजवीकडं गेली का गोळी?" कडूबांनी विचारलं.

"हो."

"बंदूक कशी फुगंल रे? ती लोखंडाची," ते शांतपणे म्हणाले. "मी लाकूड म्हणलो होतो. बंदूक तू म्हणलास."