व्याह्यांकडची व्हॅन

काही घरांत रिकामे डबे साठतात, काही घरांत पिशव्या. आमच्या कंपूत नानांच्या व्हॅनचे किस्से साठलेत. एक सांगून होतो न होतो तोच भास्करभाऊ म्हणतात, "अहो, तो तिखटाचा राहिला ना!" आणि मला पुन्हा चहा ठेवावा लागतो. चहा माझ्याच घरी होतो, कारण व्हॅन माझ्याच दारात उभी असते. ती माझ्याच दारात का, हाही एक किस्साच आहे.

आधी माणसं सांगते. नाना मोजणी खात्यातून रिटायर झाले. आयुष्यभर लोकांच्या बांधांवर उभं राहून भांडणं ऐकली, आणि शेवटच्या दिवशी म्हणाले, "आता जिथे बांध नाही तिथे राहणार!" म्हणजे व्हॅनमध्ये. थोडे दिवस तापीकाठी, थोडे दिवस सातपुड्याच्या पायथ्याशी. त्यांच्या पत्नी अक्का हौशी, त्याही तयार झाल्या. जळगावच्या पिंप्राळ्यातला फ्लॅट भाड्याने देऊन दोघं मोकळे झाले. भास्करभाऊ एस.टी.त ड्रायव्हर होते, म्हणून ते आमचे गाडीतज्ज्ञ. आणि मी उषाताई, बँकेतून निवृत्त. माझ्याकडे चहाचं खातं.

व्हॅन घेतली ती धुळ्याच्या आबांकडून. आबा म्हणजे नानांच्या प्राजक्ताचे सासरे. खरी गोम इथेच आहे. बाजारात फसलात तर विकणाऱ्याची कॉलर धरता येते. मुलीच्या सासऱ्याची धरून दाखवा!

*

गाडी बघायला आम्ही चौघंही धुळ्याला गेलो. भास्करभाऊंनी मुद्दाम जुनी पँट घातली होती. "मी खाली शिरून एकेक नट बघतो," म्हणाले.

आबांच्या अंगणात व्हॅन चालूच होती. आबा म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून सकाळपासून चालू ठेवायला सांगितली ड्रायव्हरला. पाहुण्यांना ताटकळायला नको." भास्करभाऊंना गहिवरून आलं. पाहुण्यांसाठी पाणी गरम ठेवणारे त्यांनी पाहिले होते, इंजिन गरम ठेवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला!

पण आधी जेवण. खापराचे मांडे, आमरस, वर तुपाची धार, आणि व्याह्यांचा आग्रह. मुलीकडच्यांनी नाही म्हणायची सोय नसते. जेवून उठलो तेव्हा भास्करभाऊंना स्वतःची चप्पलही दिसत नव्हती. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"काय म्हणता?" नानांनी हळूच विचारलं.

"रंग एक नंबर शे!"

झालं, व्यवहार ठरला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप्राळ्यात नानांनी सेल मारला. घर्र, घर्र, आणि गप्प. गार पडली की गाडी सेलवर उठतच नाही, हे तेव्हा कळलं. उतारावरून सोडून गिअरमध्ये टाकली की मात्र लगेच उठते.

आता सपाट जळगावात उतार आणायचा कुठून? आमच्या कॉलनीत एकच आहे, तो माझ्या फाटकासमोर. नाना-अक्कांचा संसार तिथे लागला. उशाकडची बाजू वर ठेवून झोपायचं आणि पहाटे दोघंही पायथ्याशी गोळा झालेले असायचे. अक्कांच्या पातेल्यात वरण एका बाजूला आणि तळ दुसऱ्या बाजूला!

संध्याकाळी आबांचा फोन आला. "नाना, कशी चाली राहिनी आपली गाडी? सकाळे तरास देस का?"

नाना खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा जुना आजार आहे. म्हणाले, "आबा, काय सांगू, सेल मारायचीसुद्धा गरज पडत नाही!"

*

तेव्हापासून रिवाजच पडला. रोज संध्याकाळी आबांचा फोन, आणि रोज नानांचं एक खरंखुरं वाक्य.

रावेरला जाताना केळीच्या बागांमध्ये गाडी अशी तापली की बॉनेटमधून वाफ निघाली. नाना म्हणे, "टेंपरेचरचा काटा तर मधोमध आहे!" काटा मधोमधच होता. कुणीतरी त्याची वायर काढून तो गोंदाने चिकटवला होता. बागवाल्या शेतकऱ्याने पाइप सोडून पाणी भरू दिलं. एकदा भरलं, दोनदा भरलं, मग तो काठीवर हनुवटी ठेवून बघत बसला.

"काहो, तुमची गाडी तं आमच्या म्हशीपेक्षा जास्त पानी पिते! दूध तरी देते का?"

त्या संध्याकाळी नाना फोनवर म्हणाले, "आबा, एवढ्या उन्हात गेलो, पण काटा मधल्या खुणेच्या वर सरकला नाही!"

*

आता तिखटाचा.

गाडीत खाली झकास मॅट होती, फुलाफुलांची. अक्का तिच्यावर फार खूश होत्या. मॅटच्या खालचा पत्रा कधीच गंजून गेला होता, हे पहूरच्या रस्त्यावर एका खड्ड्यात समजलं. खड्डा बसला, मॅट फाटली आणि अक्कांचा वर्षाच्या तिखटाचा डबा थेट रस्त्यावर! झाकण उघडलेलं. मागून येणारा मोटरसायकलवाला शिंकत शिंकत, डोळे पुसत आमच्यापर्यंत आला. आम्हाला वाटलं, आता शिव्या पडणार. त्याने अर्धा राहिलेला डबा अक्कांच्या हातात दिला.

"अक्का, तिखट झ्याक आहे. कुठल्या मिरचीचं हो?"

फोनवर नाना म्हणाले, "आबा, हवेशीर म्हणजे किती हवेशीर! ए.सी.चं नावही काढावं लागत नाही."

*

भास्करभाऊंचा एक छोटासा. ते कुठलाही आवाज आला की डोळे मिटतात, मान तिरकी करतात आणि सांगतात, "क्लच." वाफ आली, क्लच. पत्रा गेला, तरी त्यांचं मत होतं की क्लचच्या हादऱ्याने गेला. पुढे स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की हॉर्न आपोआप वाजायला लागला. तेव्हाही क्लचच!

त्या हॉर्नपायी कॉलनीतली बाळं उठायला लागली, म्हणून नानांनी नकाशा काढून फक्त उजवीकडे वळत स्टेशन गाठायचा रस्ता शोधला. मोजणी खात्याचा अनुभव असा कामी आला. स्टेशन दिसायचं लवकर, पण यायचं उशिरा.

आणि एके दिवशी खरंच क्लच गेला. पेडल दाबलं की नुसतं आत. आम्ही सगळे भास्करभाऊंकडे बघायला लागलो. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली.

"हा मात्र क्लच नाही."

*

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. एकदा पावसात माझ्या ओट्यावर बसून अक्का रडल्या. म्हणाल्या, "उषाताई, घरात भाडेकरू, गाडी उतारावर. आम्ही राहतो कुठे, सांगा बरं?" मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. फार वाईट वाटलं.

मी नानांवर चिडले. "आबांना स्पष्ट सांगा ना! गाडी परत घ्या म्हणावं."

नाना म्हणाले, "ताई, माझी पोर त्या घरात भाकरी करते. उद्या स्वयंपाकघरात कुणी म्हणालं की, तुझ्या बापाने आमच्या वस्तूला नाव ठेवलं, तर ती काय उत्तर देईल? सासरी सुखात आहे. त्या सुखात माझ्या रेडिएटरचं पाणी नको."

मी चहा ठेवला.

*

आणि मग आबा स्वतः आले.

जळगावला एका लग्नाला आले होते. संध्याकाळी फोन न करता थेट माझ्या दारातच हजर! पांढरं धोतर, कडक टोपी. "उद्या सकाळी मला धुळ्याला सोडा," म्हणाले, "आपल्याच गाडीत जाऊ." अक्कांचा चेहरा पडला. रात्रभर नानांनी रेडिएटर तपासला, भास्करभाऊंनी क्लच. सकाळी निघालो. भोकावर मी पाट टाकून वर पाय ठेवून बसले होते.

पहिल्याच डाव्या वळणाला हॉर्न वाजला. भास्करभाऊ म्हणाले, "समोर कुत्रं होतं." पुढच्या वळणाला म्हैस होती. म्हणजे खरोखरच होती, नशीब! एरंडोल गाठलं. पारोळा मागे पडला आणि वाफ निघाली. काटा मधोमध. गाडी सपाट रस्त्यावर उभी राहिली. पाणी भरेपर्यंत इंजिन गार पडलं आणि सेल मारला तर घर्र, घर्र, गप्प.

ऊन रणरणत होतं. कुणीच कुणाकडे बघेना. आबा खाली उतरले, टोपी काढली आणि एकदम म्हणाले, "नाना, एक डाव तरी माले बोला ना हो!"

नानांना काही समजेना.

"रोज फोन करस मी. वाट देखस, आज तरी हाऊ माणूस तक्रार करी. तुम्ही एक शब्द बोलतात ना, तर त्याच दिवशे गाडी परत लेतू. निम्मं माले ठाव व्हतं, निम्मं ड्रायव्हरनी लपाडं. पण पोऱ्याना बाप मी, वरपक्ष! मन्हाच तोंडे कसं सांगू की तुम्हले खराब गाडी दिनी? आणि तुम्ही तर रोज कौतुकच करी राहिनात!" त्यांनी टोपीनेच घाम पुसला. "बस झालं. ही भंगार गाडी आजच परत द्या."

मला वाटलं, सुटले बाई दोघं! अक्कांनी तर हात जोडले.

आणि नाना लाल झाले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. बॉनेटवर हात आपटून ओरडले, "भंगार? आबा, तोंड सांभाळून बोला! माझा संसार आहे यात. व्याही असाल तुमच्या घरी, माझ्या घराला नाव ठेवायचं काम नाही!"

अक्कांनी डोळे गच्च मिटले. भास्करभाऊ उगाच टायरकडे बघायला लागले. मुलीच्या सासऱ्याला, भर रस्त्यात! माझ्या डोळ्यांपुढे प्राजक्ता आली.

मग आबांनी टोपी पुन्हा घातली, धोतराचा सोगा खोचला आणि गाडीच्या मागे गेले. दोन्ही हात पत्र्याला लावून तिथूनच ओरडले,

"बसा तुम्ही स्टिअरिंगवर, नाना! आज धक्का पोऱ्याकडना मारतीन!"