अक्षता पडेपर्यंत नवरा-बायको

आमच्या घटस्फोटाची शेवटची तारीख बुधवारी होती आणि आधीच्या रविवारी धाकट्या नणंदेच्या मुलीचं लग्न. मुहूर्त काढताना गुरुजींनी कोर्टाच्या तारखा विचारायची पद्धत आपल्याकडे अजून आलेली नाही.

दोन वर्षं मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये वेगळी राहत होते. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. म्हणजे नातेवाइकांच्या मते मी विनाकारण घर सोडलं होतं. तेवीस वर्षं एका छताखाली राहून आम्ही एकमेकांशी बोलायचं विसरलो, हे वकिलाला सांगता येतं, मामेसासऱ्यांना नाही. दोघांच्या संमतीने अर्ज केला. कोर्टाने विचार करायला सहा महिने दिले. तेवीस वर्षांत सुचलं नाही ते सहा महिन्यांत सुचेल, एवढा कायद्याचा आमच्यावर विश्वास. वकीलबाईंनी एकच गोष्ट बजावली होती: शेवटच्या सहीपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतं, आणि तसं झालं तर सगळं पहिल्यापासून, भांडून, वर्षानुवर्षं. मला नवऱ्याची ती सही हवी होती. बाकी काही नको होतं.

नणंद पिंपळगावहून पत्रिका घेऊन आली. कुंकू लावलं, चहा घेतला, मग मुद्द्यावर आली.

"वहिनी, लय काही मागत नाही. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहणार, मग शेजारी मामी नको का?"

"मामीची मुदत बुधवारी संपते."

"म्हणून तर म्हणते, रविवारी शिल्लक आहे ना!"

यात चूक काढता येईना.

खरी अडचण वेगळी होती. सटाण्याच्या व्याह्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी नोकरीपायी नाशिकला राहत होते. सासर पिंपळगावला, आणि तिथून रोज बसने येणाऱ्या शेकडो बायका आहेत; तेवढ्या अंतरासाठी वेगळं बिऱ्हाड करणारी मी बहुधा तालुक्यातली पहिली.

"एक दिवस उभी राहिलीस तर झिजशील का?" आई फोनवर म्हणाली. ती तेवीस वर्षं हेच म्हणत आली आहे, फक्त दिवस मोजत नाही.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "जेवा, आहेर करा. पण जोडीने फोटो? उद्या त्यांचं मन फिरलं तर तेच फोटो दाखवून म्हणतील, आमचं जुळलं."

तरी गेले. ती मुलगी लहानपणी शाळा सुटली की माझ्याकडे येऊन बसायची, आणि तिने या भानगडीत मला एकदाही शहाणपण शिकवलं नव्हतं. घरात असं एकच माणूस होतं.

मांडवात आम्ही शेजारी उभे राहिलो. फोटोग्राफर ओरडला, "काका, हात ठेवा की काकूंच्या खांद्यावर!" इस्त्री तापली का बघतात तसा नवऱ्याने हात ठेवला आणि उचलला. माझ्या सासरकडच्या दोन बायकांनी डोळे पुसले. शोभून दिसत होतो म्हणे.

जेवणानंतर नवऱ्या मुलाच्या आजीने मला शेजारी बसवून घेतलं. हातातली सुपारी कातरत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने अहिराणीत विचारलं, "कोर्टनं काम व्हयनं का, माय?"

नणंदेच्या हातातलं जिलेबीचं ताट कलंडलं.

"आमले समदं माहीत शे," आजी शांतपणे म्हणाली. सोयरीक ठरवण्याआधी त्यांचा माणूस इंदिरानगरला येऊन आमच्या वॉचमनशी बोलून गेला होता. मुलगी चांगली होती; मामा-मामीचं काय लोणचं घालायचं होतं? सहा महिने आख्खं खानदान जे झाकत होतं, ते व्याही केव्हाच चघळून थुंकले होते.

ही झाली गंमत. बुधवारी गंमत संपली.

कोर्टाच्या समुपदेशक बाईंसमोर बसल्यावर नवरा म्हणाला, "घरचे म्हणतात, अजून एकदा विचार करावा. रविवारी लग्नात सगळ्यांना बरं वाटलं."

वकीलबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की फोटोंची वेगळी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

"लग्नाला जोडीने होतात?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"दिवसभर," तो म्हणाला. जवळजवळ अभिमानाने.

"अरे वा. मग काय बोललात दिवसभरात?"

मी तोंड उघडणार होते, पण प्रश्न त्याला होता. तो विचार करू लागला. प्रामाणिक माणूस आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही. छताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं.

"ॲसिडिटीची गोळी आहे का, विचारलं हिला," तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "नव्हती."

"आणखी?"

आणखी काही नव्हतं. बाहेर शिपाई कोणाचं तरी नाव पुकारत होता. नवरा खुर्चीत थोडा मागे सरकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "सगळ्यांना बरं वाटलं, पण आपल्याला काही वाटलं नाही, ना?"

"नाही," मी म्हणाले.

त्या दोन वर्षांतलं आमचं तेच सगळ्यात लांब संभाषण. मग आम्ही कोर्टात गेलो, न्यायाधीशांनी दोघांना तेच प्रश्न विचारले, आणि त्याने न अडखळता उत्तरं दिली. सही करताना त्याने कागद पूर्ण वाचला. मी वाट पाहिली. माझी सही त्याच्या सहीखाली, नेहमीसारखी घाईत; एरवी ती ओळ सोडून वर चढते, या वेळी ओळीवर राहिली.