शब्द फोडून सांग

नागपूर स्टेशनवर गाडीला उशीर होता आणि बाबांना तो उशीर मनापासून आवडला होता. तेवढीच लेक जास्त वेळ समोर. ते एकच गोष्ट फिरून फिरून सांगत होते, "समजलं नाही तर विचारायचं. लाजायचं नाही." आईने पुडाच्या वड्यांचा डबा पिशवीत कोंबला, काढला, पुन्हा कोंबला. धाकटा भाऊ मिलिंद माझ्या बॅगेवर बसून गाडीची वाट पाहत होता. मला दिल्लीत केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरी लागली होती. उमरेडच्या आमच्या वस्तीतून एवढ्या लांब नोकरीला निघालेली मी पहिली मुलगी. सगळ्यांना अभिमान, मी मात्र धास्तावलेली. दिल्लीची भीती नव्हती, इंग्रजीची होती. शाळा मराठी, कॉलेज मराठी, परीक्षेपुरतं इंग्रजी पाठ करून निभावलेलं.

हे मी तुम्हा उमरेडला राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे पुण्याला, बंगळुरूला, जिथे तिथे पांगले त्यांच्यासाठीही. भेटलात की विचारता, दिल्ली कशी आहे? बढिया, म्हणते मी. खरं सांगायचं तर थकले आहे. मयूर विहारच्या फ्लॅटमधून सकाळी निघायचं, राजीव चौकात मेट्रो बदलायची, दिवसभर फाईल, मीटिंग, ड्राफ्ट, आणि तसंच उलटं परत. थंडीत हवा अशी की खिडकी उघडायची सोय नाही. इतकी वर्षं झाली, तरी रविवारी दुपारी उठले की क्षणभर कुठे आहे ते कळत नाही.

पहिले काही महिने फार वाईट गेले. माझा प्रत्येक ड्राफ्ट लाल होऊन परत यायचा. साहेब रागावत नसत, नुसता कागद पुढे सरकवत, ते जास्त लागायचं. मग एका रविवारी दर्यागंजच्या पुस्तकबाजारात एक जुनं पुस्तक हाती लागलं. इंग्रजी शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांनी कसे बनतात, एवढाच त्याचा विषय. स्पेक्ट म्हणजे पाहणं. रेट्रो म्हणजे मागे. ऑफिसात सगळे जो 'रेट्रोस्पेक्टिव्ह' शब्द तोंडावर फेकत, तो म्हणजे निव्वळ मागे वळून पाहणारा. अरे, एवढंच होय? मला त्या दिवशी मेट्रोत एकटीला हसू आलं.

रात्री आठला घरी फोन व्हायचा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मी हे सांगितलं आणि ते जे खूश झाले म्हणता! "हे तर आपले उपसर्ग न् धातूच की. नुसते कपडे बदलून आले." तेव्हापासून रोज एक तुकडा. मी मेट्रोत शिकायची आणि आठला त्यांना सांगायची. ते लगेच आणखी शब्द शोधायचे आणि जमला की "फोडला!" म्हणायचे, भुईमुगाची शेंग फोडावी तसे. टेली म्हणजे दूर, फोन म्हणजे आवाज, हे कळलं तेव्हा म्हणाले, बरोबर नाव ठेवलं बुवा. मायग्रेट शिकवला त्या दिवशी विचारलं, बाहेर जातो तो एमिग्रंट, आत येतो तो इमिग्रंट, मग तू कोण? मी म्हटलं, इकडून पाहिलं तर एक, तिकडून पाहिलं तर दुसरी. मागून आई ओरडायची, "पोरगी जेवली का ते विचारा आधी. काय बापलेकीचं चालू राहते रोज."

माझे ड्राफ्ट सुधारले. बढती मिळाली, लग्न झालं, ईशा झाली. ती दिल्लीचीच. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. पण आठचा फोन चुकला नाही. हळूहळू अख्ख्या वस्तीत झालं, काही इंग्रजी आलं की दिल्लीच्या ताईला पाठवा. नोटीस, विम्याचे कागद, आणि सर्वांत जास्त डॉक्टरांचे रिपोर्ट. मी डॉक्टर नाही, हे शंभरदा सांगून झालं. "तू फक्त फोडून सांग," म्हणायचे. सांगायची.

गेल्या हिवाळ्यात मिलिंदने बाबांचा रिपोर्ट पाठवला. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. हा फोडायला मला पुस्तक लागलं नाही. चहा तसाच ठेवून उठले.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. पेशंट सोडून सगळ्यांना सांगतात. मिलिंदने डॉक्टरांना आधीच हात जोडले होते, काका-मामांचं ठरलं होतं, आईला पढवून झालं होतं. बाबांना सांगायचं, लिव्हरला सूज आहे, औषधाने उतरेल. आणि हे कोणी सांगायचं? मी. तुझं ते ऐकतात, म्हणाले सगळे. रिपोर्ट लपवायची कुणाला गरजही वाटली नाही. तो बाबांच्या उशाशी पिशवीत असायचा. इंग्रजीतच होता ना.

आठला फोन केला. सूज आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बरं." त्या दिवशी तुकडा विचारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हवापाण्याचं बोलायचे आणि फोन आईकडे द्यायचे. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

त्यांना दिल्लीला आणायचं मी मनाशी पक्कं केलं. मोठ्या हॉस्पिटलात दाखवू, माझ्याजवळ राहतील. रजा टाकून उमरेडला गेले. बाबा अंगणात उन्हाला खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. मी दिल्लीचं काढलं. म्हटलं, चला बाबा, तिकडे चांगले डॉक्टर आहेत, सूज लवकर उतरेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेत पोराला विचारावं तसं विचारलं, "सुजेच्या शब्दाला शेवटी काय लागते?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पिशवीतून रिपोर्ट काढला.

"आयटिस," तेच म्हणाले. "टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. तूच शिकवलं. या कागदावर आयटिस कुठंच नाही. ओमा आहे."

मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? ते म्हणाले, सगळे एवढे कष्ट घेऊन खोटं बोलून राहिले, म्हटलं कशाला मोडा. आणि मग अगदी हळू आवाजात, "पण तू तरी फोडून सांगशील असं वाटलं होतं."

मी रडले. खाटेच्या पायाशी बसून लहान पोरीसारखी रडले. ते थांबले, आणि म्हणाले, चल, आता सांग. मग आम्ही तो शब्द फोडला. हिपॅटो म्हणजे यकृताचं. सेल्युलर म्हणजे पेशींचं. कार्सिनो म्हणजे खेकडा, ओमा म्हणजे गाठ. खेकड्याला ग्रीकमध्ये कार्किनोस म्हणतात हे ऐकून त्यांना बरंच वाटलं. "म्हणजे कर्करोगातला कर्कच की. त्यांनाही खेकडाच दिसला." मग किती दिवस, काय होईल, दिल्लीला नेऊन किती फरक पडेल, हे सगळं त्यांनी एकेक करून विचारलं आणि मी ठाऊक होतं तेवढं खरं सांगितलं. दिल्लीला आले नाहीत. इथंच बरं, म्हणाले. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

मी दिल्लीला परतले आणि आठचा फोन पुन्हा पहिल्यासारखा झाला. औषधाच्या चिठ्ठीवरचा प्रत्येक शब्द ते मला वाचून दाखवायचे. शेवटी शेवटी पॅलिएटिव्ह आला. मी सांगितलं, मूळ अर्थ पांघरूण. "बरं करणारं नाही म्हणजे," ते म्हणाले. नाही बाबा, म्हटलं. फोन ठेवल्यावर ईशाने विचारलं, मम्मा, पांघरूण मतलब? रजाई, म्हटलं, आणि आत निघून गेले.

बाबा उन्हाळ्याच्या तोंडावर गेले. त्यानंतर उमरेडला जावंसं वाटेना, आणि दिल्ली तर आधीपासूनच परकी. आठ वाजले की हातात फोन घेऊन नुसती बसायची. कुणी विचारलं, घर कुठलं, की मी आधारकार्डावरचा पत्ता सांगायची.

गेल्या आठवड्यात आईचे डोळे तपासले. मिलिंदने रिपोर्ट पाठवला, डायबेटिक रेटिनोपॅथी, आणि खाली लिहिलं, ताई, आईला मोतीबिंदूच सांगू, उगाच घाबरेल. मी उत्तर लिहायच्या आतच फोन वाजला. आठ वाजले होते. आई होती. तिला या शब्दांच्या खेळाचा कायम वैताग.

"मिलिंद मोतीबिंदू म्हणते," ती म्हणाली. "तू फोडून सांग."

मी सांगितलं. रेटिना म्हणजे डोळ्यातला पडदा, पॅथी म्हणजे दुखणं, आणि हे शुगरमुळे आहे, सांभाळलं नाही तर नजर जाईल. काही झाकलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे आमच्या घरातला पंखा घरघरत होता, तो मला इथे ऐकू येत होता.

"बरं," आई म्हणाली. "जेवली का तू?"